‘त्याचा स्वभावच तसा आहे’ म्हणायच्या आधी मुलाकडे नीट कसं बघायचं

माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना एकदा आम्ही ओळखीच्यांकडे निघालो होतो आणि चपला घालता घालता ती मला म्हणाली, "आई, मी लाजाळू आहे ना, मग मी तिकडे बोलले नाही तर चालेल ना?" मी तिथेच थबकले. कारण हा शब्द तिचा नव्हता, आमचा होता. दोन वर्षं कुणी तिला नाव विचारलं आणि ती गप्प राहिली की मीच पुढे होऊन सांगायचे, जरा लाजाळू आहे हो ती, म्हणजे समोरच्याला वाईट वाटू नये आणि माझीही सुटका व्हावी. तिने तो शब्द उचलला आणि स्वतःच्या नावासारखा वापरायला घेतला.

त्यानंतर मी या विषयावर बरंच वाचलं, वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांवर झालेले अभ्यास शोधले आणि घरी काही गोष्टी करून बघितल्या. त्यातलं जे खरंच उपयोगी पडलं ते इथे सांगतेय. आपण ज्याला मुलाचा स्वभाव म्हणतो त्यात मुलाइतकाच आपल्या अपेक्षेचाही वाटा असतो, आणि हे दोन वेगळे करून बघता येतात. त्यासाठी डिग्री लागत नाही, एक वही लागते आणि थोडा धीर.

आधी वहीत फक्त काय झालं ते लिहा

दोन आठवडे एक नियम पाळायचा, मुलाबद्दल लिहिताना विशेषण वापरायचं नाही. हट्टी, आगाऊ, चिडका, रडका, घुमी, आळशी, गुणी, समजूतदार, यातलं काहीच नाही. फक्त कधी, कुठे, कोण समोर होतं, मुलाने काय केलं आणि त्याच्या आधी काय झालं. वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे, पहिले तीन दिवस माझ्या प्रत्येक ओळीत विशेषण घुसत होतं आणि मी खोडत होते.

त्या ओळखीच्यांच्या घरातली माझी नोंद अशी आहे. दारातून आत, माझ्या पायामागे उभी. नाव विचारलं, उत्तर नाही, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. चार-पाच मिनिटं खिडकीतून बाहेर बघत होती. मग त्या घरातला मुलगा ब्लॉक्स रचत होता तिकडे बघायला लागली. साधारण बारा मिनिटांनी दोन पावलं पुढे. वीस मिनिटांनी त्याच्या हातापासून लांब पडलेला निळा ब्लॉक उचलून त्याला दिला, काही न बोलता. अर्ध्या तासाने दोघं कुणाचा टॉवर उंच यावरून मोठमोठ्याने भांडत होते.

अशा सात-आठ नोंदी झाल्यावर दिसलं की जवळजवळ प्रत्येक वेळी तिला नव्या जागी वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्या वेळात ती घाबरलेली नसते, ती बघत असते, कोण कुठे बसतं, खेळणी कुणाची, कोण ओरडतं. हा तिचा भाग झाला. आणि पहिल्याच मिनिटात नाव सांगावं, हसावं, विचारलेल्याचं उत्तर द्यावं, हा आमचा भाग. लाजाळू हा शब्द या दोन्हींच्या मधल्या अंतराला आम्ही ठेवलेलं नाव होतं. अंतराला दोन टोकं असतात पण नाव मात्र आम्ही एकाच टोकाला चिकटवलं होतं, तिच्या.

मग विचारा, ही अपेक्षा कुणाची आणि कधीपासूनची

लाजाळूपणाचंच घेऊ, कारण याच्यावर एक फार बोलका अभ्यास आहे. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या तीन वेगवेगळ्या तुकड्या बघितल्या, १९९०, १९९८ आणि २००२ सालच्या. १९९० मध्ये जी मुलं बुजरी, जपून वागणारी होती ती वर्गात आवडती होती, त्यांना जबाबदाऱ्या मिळायच्या, अभ्यासातही ती चांगली होती, कारण तिथे असं वागणं म्हणजे समंजसपणा मानला जायचा. २००२ पर्यंत शहर बदललं, खुली बाजारव्यवस्था आली, पुढे होऊन बोलणाऱ्याला किंमत आली, आणि तशाच बुजऱ्या मुलांना मित्र टाळायला लागले, शाळेत अडचणी यायला लागल्या, ती उदास राहायला लागली. १९९८ ची तुकडी मधल्यामध्ये, धड इकडे ना तिकडे. बारा वर्षांत मुलं जन्मतः वेगळी निघाली असं काही झालं नाही, त्यांच्या भोवतालच्या मोठ्यांना काय हवं ते बदललं आणि तेच वागणं गुणावरून दोषावर गेलं. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मुलांची उदासी मात्र खोटी नव्हती, अपेक्षा बाहेरची असली तरी तिचा त्रास आत होतो.

म्हणून वहीत ज्या वागण्याचा तुम्हाला त्रास होतो त्याच्यासमोर लिहा की इथे काय व्हायला हवं होतं असं मला वाटलं, आणि ते मी कुठून शिकले. आईकडून, शाळेकडून, सोसायटीतल्या इतर आयांकडून, मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून. कधी कधी उत्तर येतं की ही अपेक्षा मला मनापासून मान्य आहे, दुसऱ्याला मारायचं नाही ही अपेक्षा मी कुणाच्याही सांगण्याने सोडणार नाही. आणि कधी उत्तर येतं की हे मला लोकांसमोर बरं दिसावं म्हणून हवंय, तेव्हा मुलाला बदलायचं काम बरंच कमी होतं.

एक सोपी अदलाबदल

ही मी सगळ्यात जास्त वापरते. जे वागणं खटकलं त्यातलं मूल मनातल्या मनात बदलायचं. हेच मुलीऐवजी मुलाने केलं असतं तर मी काय म्हणाले असते? हेच धाकट्याऐवजी थोरल्याने केलं असतं तर? हेच मी स्वतः केलं असतं तर?

जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग छापला, नऊ महिन्यांच्या बाळाचा व्हिडिओ लोकांना दाखवला, त्यात डब्यातून उडी मारणारं खेळणं समोर आल्यावर बाळ दचकून रडतं. बघणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं की हा मुलगा आहे, काहींना सांगितलं की ही मुलगी आहे. व्हिडिओ एकच. मुलगा समजणाऱ्यांना त्या रडण्यात राग जास्त दिसला, मुलगी समजणाऱ्यांना भीती. आता विचार करा, रागावलेल्या बाळाला आपण एका तऱ्हेने हाताळतो आणि घाबरलेल्या बाळाला दुसऱ्या, हे रोज पंचवीस वेळा, तीन-चार वर्षं चालत राहिलं तर मूल कुठे पोचेल, आणि मग आपण म्हणणार की मुलगे मुळात तापटच असतात.

वयाची अदलाबदलही तितकीच कामाची आहे, विशेषतः शाळेतून तक्रार आली की. शाळेत एका वर्गातली मुलं एकाच वयाची धरली जातात, पण प्रत्यक्षात सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं यांच्यात जवळजवळ वर्षाचा फरक असू शकतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी वय मोजायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर आहे, तिथे नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात दिसलं की डिसेंबरमध्ये जन्मलेल्या म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या समस्येचं, निदान होण्याचं प्रमाण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त होतं आणि मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी जास्त. याचा अर्थ एडीएचडी खोटा असतो असा अजिबात नाही. पण वर्गाची अपेक्षा सरासरी वयावर बेतलेली असते आणि जे मूल फक्त लहान आहे ते त्या मापात चंचल दिसतं. तेव्हा मास्तरांनी किंवा बाईंनी लक्ष लागत नाही असं सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारा की वर्गातल्या इतरांच्या मानाने हिचा वाढदिवस कधी येतो.

आपल्या बोलण्यातल्या म्हणी तपासा

मुलांच्या स्वभावाबद्दल आपली मतं आपण स्वतः ठरवलेली नसतात, ती भाषेतून आलेली असतात. आपल्याकडे एका बाजूला मुलं देवाघरची फुलं असतात, दुसऱ्या बाजूला मूल म्हणजे मातीचा गोळा, आकार द्यावा तसा घडतो, तिसरीकडे बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, आणि सगळ्यात निराश म्हणजे जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हे चारही एकाच घरात, कधी कधी एकाच दिवशी ऐकू येतात. युरोपातही हेच भांडण चाललं होतं, मूल जन्मतः पापी आहे म्हणून त्याची इच्छा मोडली पाहिजे असं मानणारे होते, जॉन लॉक १६९३ मध्ये मुलाला कोऱ्या कागदासारखं किंवा हवा तो आकार देता येणाऱ्या मेणासारखं मानत होता, आणि रूसोने १७६२ मध्ये लिहिलं की मूल निर्मळच येतं, बिघडवतो तो समाज.

यातलं कोणतं चित्र तुमच्या डोक्यात आहे त्यावर तुमचा हात कुठे जातो ते ठरतं. समजा मुलाने काचेचा ग्लास फोडला आणि मी नाही फोडला असं म्हणाला. फूल मानणारी म्हणते, घाबरला असेल बिचारा. मातीचा गोळा मानणारी म्हणते, आत्ताच वळण लावलं नाही तर खोटं बोलायची सवय लागेल. पाळण्यातले पाय बघणारी म्हणते, हा पहिल्यापासून असाच आहे, अगदी काकावर गेलाय. ग्लास एकच आणि मुलाला तीन वेगळी आयुष्यं मिळतात. त्यात तिसरी मला सगळ्यात घातक वाटते, कारण पहिल्या दोघी निदान पुढे काहीतरी करणार आहेत, तिसरीने फाइल बंद केली.

जीन ब्रिग्ज ही मानववंशशास्त्रज्ञ १९६३ पासून जवळपास दीड वर्ष कॅनडाच्या उत्तरेकडे उत्कू या इनुइट लोकांमध्ये एका कुटुंबात राहिली. तिथल्या लोकांच्या मते लहान मुलाला अजून इहुमा आलेली नसते, म्हणजे समज, विचार, भान, ती हळूहळू वाढते. त्यामुळे तान्ह्या-रांगत्या मुलाने आदळआपट केली तर त्याच्यावर ओरडण्यात त्यांना काही अर्थच वाटायचा नाही, ज्याला समज आलेली नाही त्याच्याशी काय वाद घालायचा, उलट मोठं माणूस मुलावर चिडलं तर तेच पोरकट ठरायचं. आणि ही मुलं मोठी होऊन अत्यंत संयमी व्हायची. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातलं वाक्य आठवलं, एवढं कळतं तरी मुद्दाम करतो. आपण गृहीत धरतो की त्याला कळतं. करून बघा, आठवडाभर मुद्दाम हा शब्द बाजूला ठेवून अजून येत नाही हा शब्द वापरा. मुद्दाम म्हटलं की पुढचा शब्द शिक्षा असतो, अजून येत नाही म्हटलं की पुढे शिकवणं येतं.

काम बदलून बघा

आता प्रत्यक्ष करायची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पाडणारी. बिअट्रिस आणि जॉन व्हायटिंग या दांपत्याने १९५० च्या दशकात सहा समाजांतली मुलं अभ्यासायचा मोठा प्रकल्प केला, त्यात केनिया, मेक्सिको, फिलिपिन्स, ओकिनावा, भारतात उत्तर प्रदेशातलं खलापूर आणि अमेरिकेतलं न्यू इंग्लंडमधलं एक गाव होतं. निरीक्षकांनी मुलांच्या मागे मागे फिरून कोण कुणाशी कसं वागतं ते टिपलं. जिथे मुलांवर घरातली खरी कामं होती, धाकट्या भावंडांना सांभाळायचं, पाणी-जळण आणायचं, जनावरं बघायची, तिथली मुलं दुसऱ्याला मदत करणारी, जबाबदारीने सांगणारी होती. जिथे मुलांना घरात फारसं काम नव्हतं, शाळा आणि स्वतःची खोली आवरणं एवढंच, तिथे मुलं स्वतःकडे लक्ष वेधून घ्यायचा आणि मदत मागायचा प्रकार जास्त करत होती. याच धाग्यावर कॅरल एंबर यांनी १९७३ मध्ये केनियातल्या लुओ मुलग्यांबद्दल छापलं. तिथे घरातली आतली कामं मुलींची मानली जात, पण ज्या घरात योग्य वयाची बहीण नसे तिथे ती मुलग्याला करावी लागत. अशी कामं करणारे मुलगे कमी आक्रमक होते, दुसऱ्यावर हुकूम गाजवणं कमी. मुलगे ते मुलगेच म्हणतात ना, ते कामाच्या वाटणीने बदलत होतं.

माझा भाचा सात वर्षांचा, घरात सगळे त्याला आपमतलबी म्हणायचे, ताईसुद्धा. सुट्टीत तो आमच्याकडे आला तेव्हा मी एकच केलं, त्याला एक खरं काम दिलं. आमच्या घरी तेव्हा धाकट्या जावेचं दहा महिन्यांचं बाळ होतं, दुपारी ते उठलं की अर्धा तास ते जमिनीवर असताना त्याच्याजवळ बसायचं, तोंडात काही घातलं तर काढायचं, कडेला गेलं तर वळवायचं. मी त्याच खोलीत काम करत असायचे, पण मध्ये बोलायचे नाही. तिसऱ्या दिवशी बाळ पेनाचं टोपण तोंडात घालायला गेलं, त्याने ते काढून घेतलं, बाळ रडायला लागलं, तर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःची गाडी, जिला तो कुणाला हात लावू देत नव्हता, ती बाळाच्या हातात दिली. चाकं तोंडात जात नाहीत ना ते आधी बघून. कुणी सांगितलं नव्हतं.

काम देताना दोनच गोष्टी बघा. काम खरं असलं पाहिजे, म्हणजे ते झालं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे, नुसतं कौतुकासाठी दिलेलं काम मुलं लगेच ओळखतात. आणि नंतर तेच काम आपण पुन्हा नीट करायचं नाही, घडी वाकडी राहिली तर राहू दे.

शरीराच्या बाबतीतसुद्धा हेच दिसलंय, याचं मला फार नवल वाटलं. आफ्रिकेतली बाळं उपजतच लवकर बसतात-चालतात असं बरीच वर्षं मानलं जायचं. चार्ल्स सुपर यांनी केनियातल्या किप्सिगिस लोकांमध्ये बघितलं, १९७६ मध्ये छापलं, की बाळं बसायला आणि चालायला काही आठवडे आधी शिकतात खरी, पण त्याच गोष्टी तिथे मुद्दाम शिकवल्या जातात, बाळाला आधार देऊन बसवायचं, हात धरून चालवायचं, त्याला त्यांच्या भाषेत वेगळे शब्दही आहेत. रांगण्यात, जे कुणी मुद्दाम शिकवत नाही, त्यात तसा पुढारलेपणा नव्हता.

तो गुण आधीच कुठे आहे ते शोधा

धीर नाही, शेअर करत नाही, ऐकत नाही, असं नाही-नाही लिहायच्या ऐवजी ते कुठे आहे ते शोधा. समोर खाऊ ठेवून थांबलास तर दोन मिळतील असं सांगायचा तो प्रसिद्ध प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असेल. बेटिना लाम यांच्या गटाने २०१८ मध्ये तो आफ्रिकेत कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय चार वर्षांच्या मुलांवर केला. न्सो मुलांपैकी सुमारे ७० टक्के थांबली, जर्मन मुलांपैकी २८ टक्के. आणि २०२२ च्या एका अभ्यासात जपानी मुलं खाण्यासाठी जास्त वेळ थांबली पण अमेरिकन मुलं गिफ्ट उघडण्यासाठी जास्त वेळ थांबली, कारण ज्याला जिथे थांबायची रोजची सवय तिथे तो थांबतो. म्हणजे धीर हा मुलाच्या पोटात भरलेला एकच साठा नाहीये. तुमचं मूल लिफ्टसाठी थांबत नसेल पण चित्राचा रंग वाळेपर्यंत फुंकर घालत बसत असेल, तर त्याला थांबता येतं, आणि तिथून सुरुवात करता येते, आठवतं रंग वाळेपर्यंत कसा थांबला होतास, तसंच.

शेअर करण्याबद्दल एवढंच सांगते की दीड वर्षाच्या मुलाने वस्तू दिली पाहिजे हा नियम सगळीकडे नाही. ग्वाटेमालातल्या सान पेद्रो या माया गावात क्रिस्टीन मोझियर आणि बार्बरा रोगॉफ यांनी बघितलं की तिथे एवढ्या लहान मुलाला वस्तू मिळू देतात, कारण त्याला दुसऱ्याचं अजून कळत नाही असं मानतात, आणि तिथली तीन ते पाच वर्षांची भावंडं सक्ती न करता आपणहून धाकट्याला वस्तू द्यायची. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीतल्या भावंडांपेक्षा जास्त वेळा. दीड वर्षाचं असताना सूट मिळाली म्हणून ती बिघडली नाहीत.

आणि जे खरंच उपजत आहे त्याचं काय

सगळं अपेक्षेवर ढकलू नका. दोन मुलं असलेल्या कुठल्याही आईला माहीत असतं की ती पहिल्या आठवड्यापासून वेगळी असतात. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं वर्षानुवर्षं बघितली. त्यात सुमारे ४० टक्के बाळं सोपी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू रुळणारी निघाली, बाकीची कशातच नीट बसत नव्हती. पण त्यांचा खरा मुद्दा पुढे होता, त्रास बाळाच्या उपजत ठेवणीमुळे होत नाही, ठेवण आणि भोवतालची मागणी जुळली नाही की होतो. झोपेची वेळ नक्की नसलेलं बाळ हे वेळापत्रकावर चालणाऱ्या घरात मोठा प्रॉब्लेम होतं, आणि त्यांनी न्यूयॉर्कमध्येच बघितलेल्या, मूळच्या पोर्तो रिकोच्या कुटुंबांत मूल झोप आली की झोपायचं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, शाळा सुरू झाल्यावर मात्र तेच अडायला लागलं. पुढे केनियात १९७४ च्या दुष्काळात मार्टेन दव्रीस यांना मसाई लोकांमध्ये असं दिसलं की जी बाळं किरकिरी म्हणून मोजली होती त्यांच्यातली जास्त वाचली, संख्या फार थोडी होती त्यामुळे मी त्यावर इमारत उभी करणार नाही, पण जास्त रडणाऱ्याला जास्त दूध मिळालं असेल ही शक्यता तरी डोक्यात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून वहीतल्या नोंदींत जे सगळ्या जागी, सगळ्या माणसांसमोर, महिनोन् महिने सारखं दिसतं त्याला ठेवण समजा आणि त्याला जागा करून द्या. माझ्या मुलीच्या बाबतीत आम्ही कुठेही वीस मिनिटं आधी पोचायला लागलो, गर्दी व्हायच्या आधी. एवढंच. तिला बदलायची गरज पडली नाही, घड्याळ हलवलं.

लोकांसमोर काय बोलायचं

हे सगळ्यात नाजूक. मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांचं बोलणं चालू असतं आणि ते सगळं ऐकत असतं. लेबल काम करतं हे खरंच आहे, १९७५ मध्ये रिचर्ड मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पाचवीच्या मुलांना कचरा टाकू नका असं समजावण्यापेक्षा तुमचा वर्ग फार नीटनेटका आहे असं सांगितल्यावर ती जास्त नीटनेटकी वागली. म्हणून लोक म्हणतात चांगलं लेबल लावा. पण त्याचीही दुसरी बाजू आहे, अलीकडच्या प्रयोगांत लहान मुलांना तू मदतनीस हो असं सांगितलं आणि मदत करताना त्यांच्याकडून काही सांडलं-बिघडलं, तर ती ज्यांना नुसतं मदत कर असं सांगितलं होतं त्यांच्यापेक्षा लवकर मागे हटली. गुणी म्हणवून घेणाऱ्या मुलाला चूक करायची जागाच राहत नाही. त्यामुळे मी चांगलं काय आणि वाईट काय, नाव चिकटवतच नाही, झालेली गोष्ट सांगते. तू बाळाला गाडी दिलीस, ते रडायचं थांबलं. बस.

आणि नातेवाईक. आत्या आल्या की पहिलं वाक्य, "अगं बोलत का नाहीस, मुकी आहेस का?" यावर आत्यांशी वाद घालून काही होत नाही, त्यांच्या काळात विचारल्याबरोबर उत्तर देणं म्हणजेच मान देणं होतं, त्या प्रेमानेच विचारतात. मी आता म्हणते, "आत्या, तिला थोडा वेळ लागतो, ती आधी बघते, मग येईल तुमच्याकडे." लाजाळू आहे आणि वेळ लागतो यात काय फरक असं नवऱ्याने विचारलं होतं. वेळ संपतो, हा फरक. आणि मग मी तिच्याकडून एक छोटी गोष्ट करून घेते, आत्यांना पाणी नेऊन द्यायचं. बोलायची सक्ती नाही, पण माणसाची दखल घ्यायची, ती अपेक्षा मी सोडलेली नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मूल हाक मारल्यावर वळत नसेल, आधी येत असलेले शब्द किंवा गोष्टी गेल्या असतील, अचानक वागणं बदललं असेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, झोप-भूक बरेच दिवस बिघडली असेल, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. स्वभाव आहे, होईल नीट, हे वाक्य तिथे वेळ घालवतं. आणि वही तिथे फार उपयोगी पडते, डॉक्टरांना तारखेसह काय झालं ते हवं असतं.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. लाजाळू शब्द आमच्या घरातून गेला, पण हट्टी अजून गेलेला नाही, तो माझ्याच तोंडात येतो. काल रात्रीची नोंद आहे, नऊ वाजून दहा मिनिटं, पुस्तक ठेव म्हटलं, पान संपू दे म्हणाली, मी पुन्हा म्हटलं, तिने पान उलटलं. आता पुढच्या आठवड्यात मी हे बघणार आहे की मी पुस्तक ठेव म्हणते तेव्हा ती पानाच्या मध्यावर असते की शेवटाला.